जनीकाकीचा सीन

पाडळवाडीत एखादी बातमी घरोघर पोचवायची असली तर दोन वाटा होत्या. एक ग्रामपंचायतीचा भोंगा आणि दुसरी जनी. भोंगा वीज गेली की मुका व्हायचा. जनीला विजेची गरज नव्हती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वैशाखऱ्याच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनासुद्धा ठाऊक होतं. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या मुलीला बघायला वाशिंदहून पाहुणे आले, कुणाची सून माहेरी किती दिवस राहिली, सगळं जनीकडे ताजं मिळायचं. त्यात काडीचाही कावेबाजपणा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला माणसं आवडायची, आणि आवडत्या माणसांविषयी गप्प कसं बसायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा ओमकार फौजेत होता. त्या मे महिन्यात तो वीस दिवसांची रजा घेऊन आला, टोपलीभर करवंदं खाल्ली, घराची निम्मी कौलं चाळून झाली, आणि आठव्या दिवशी दुपारी त्याला फोन आला. सीमेवर तणातणी वाढली होती. टीव्हीवाले तर सकाळपासून घसा फोडत होते. ओमकार शिडीवरून खाली उतरला, हातपाय धुतले आणि बॅग भरायला बसला. काय झालं, कुठे जायचं, कशाचंच नाव नाही. बापाने विचारलं तर म्हणाला, "ड्युटी हाय, बाबा." सावळाराम कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. ड्युटी म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही, पण त्याचा चेहरा उतरलेला जनीने पाहिला.

निघण्याआधी जनी मुलाला गावदेवीला घेऊन गेली. त्यांच्या घरात नारळ ठेवायची एक रीत होती, जनीच्या सासूने घालून दिलेली. देवीला माणसाचं नाव सांगायचं आणि मुक्काम सांगायचा. नुसतं 'माझ्या पोराला सांभाळ' म्हटलं तर एवढ्या दुनियेत देवी त्याला शोधणार कुठे? सावळाराम गँगमध्ये लागला तेव्हा सासूने याच दगडी पायरीवर उभं राहून 'सावळाराम, कसारा, रेल्वेची चाळ' असा पूर्ण पत्ता सांगितला होता. घाटात एकदा दरड त्याच्या दहा पावलांवर कोसळली, तरी त्याला खरचटलंसुद्धा नाही. पत्ता बरोबर होता, दुसरं काय!

"आई, ते सांगता येत नाय गो," ओमकार म्हणाला.

"मला नको सांगू. देवीला सांग."

"मग तू कान झाक."

"मी कान झाकले तर गाऱ्हाणं कोण घालंल? तुला येतं का घालायला?"

ओमकारला येत नव्हतं. सांगायला नको, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. पण समोर आई नारळ छातीशी धरून उभी होती. तो वाकला आणि तिच्या कानात एका गावाचं नाव सांगितलं. मग तिच्याकडे अगदी रोखून बघत म्हणाला, "देवीला, आई. बाकी कोणाला नाय. बाबांना पण नाय."

"बाबांना पण नाय," जनी म्हणाली. नाव अवघड होतं. देवीला नीट कळावं म्हणून तिने ते दोनदा सांगितलं.

तुम्ही विचाराल, कोणतं गाव. ते इथे लिहायचं कारण नाही.

ओमकार गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी वैशाखऱ्याच्या नाक्यावर बारा फुटांचा फ्लेक्स लागला. आपल्या भागाची ही जुनी खोड. पोरगं दहावी पास झालं फ्लेक्स, बैल शर्यतीत पहिला आला फ्लेक्स, आणि इथे तर गावचा पठ्ठ्या लढायला निघालेला. बारकू फ्लेक्सवाल्याने ओमकारच्या मागे वाघ उभा केला होता, वर विमानं उडवली होती आणि खाली ठळक अक्षरांत सगळा तपशील: ओमकारची पलटण, निघाल्याची तारीख, गाडीचं नाव. तपशील पुरवला होता सावळारामने. तीन वेळा जाऊन, चष्मा लावून, अक्षरं तपासून. अभिमानाने माणूस किती आंधळा होतो ते बघा. जन्मभर रुळाला घट्ट धरणारी एक चावी सैल राहू न देणारा माणूस, पण मुलाचा सगळा माग हमरस्त्यावर टांगून आला.

दोन दिवस फ्लेक्स झळकला. तिसऱ्या दिवशी टोकावड्याकडून एक निवृत्त सुभेदार मोटरसायकलवरून आले, थांबले, वाचलं, आणि खिशातला चाकू काढून दोऱ्या कापल्या. माणसं जमली. सावळारामही त्यात होता. सुभेदार ओरडले नाहीत. फ्लेक्सची गुंडाळी करत एवढंच म्हणाले, "ज्याच्या जिवावर उड्या मारताय, त्याचाच पत्ता छापताय?" मग त्यांनी जमलेल्यांना सांगितलं की मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, विलायतेत सिनेमाच्या खेळाआधी दोन दोन मिनिटांच्या फिती दाखवत. एक माणूस हॉटेलात सहज बोलतो, आमचं जहाज उद्या सुटतं, शेजारच्या टेबलावर कुणी ऐकतं, आणि पुढच्या चित्रात जहाज पाण्याखाली. लोकांनी तोंड सांभाळावं म्हणून सरकारने मुद्दाम काढलेल्या फिती.

सावळारामला ते ऐकताना आपलं लहानपण आठवलं. एकाहत्तरच्या लढाईत शाळेच्या पटांगणात सरकारी प्रचाराची गाडी आली होती. दोन बांबूंना पांढरं धोतर बांधून त्यावर असलीच फीत दाखवली होती. शेवटी पडद्यावरचा माणूस ओठावर बोट ठेवून सगळ्या गावाकडे बघायचा. नऊ वर्षांचा सावळाराम त्याला भ्यायला होता. त्यानंतर महिनाभर गावातली म्हातारी माणसं भाताचा भाव विचारतानाही कुजबुजत. एवढं आठवत असून आपण काय करून बसलो, याची त्याला इतकी लाज वाटली की तो चार दिवस नाक्याकडे फिरकला नाही. आणि त्या दिवसापासून घरात ओमकार कुठे असेल, हा विषयसुद्धा त्याने काढला नाही.

सुभेदारांची गोष्ट मुरबाडपर्यंत गेली. तिथल्या एका तरुण मंडळाला ती पटली आणि त्यांनी स्पर्धाच जाहीर केली. तीन मिनिटांची फिल्म, विषय 'तोंड सांभाळा'. आलेल्या फिल्म नेटवर टाकायच्या, आणि पहिल्या तीन लग्नसराईत हळदीच्या रात्री, डीजे सुरू व्हायच्या आधी, मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. हळदीला अख्खा तालुका जमतो, त्यामुळे डोकं चालवलं होतं खरं.

पाडळवाडीत हे मनावर घेतलं दर्शनाने. दर्शना म्हणजे जनीच्या धाकट्या जावेची, लहानीची मुलगी. मुरबाडला एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडायचं काम करायची. दुसऱ्यांच्या वराती कापून कापून तिला कंटाळा आला होता. आपलं स्वतःचं काहीतरी लोकांनी पाहावं, ही तिची दोन वर्षांची इच्छा. तिने गोष्ट लिहिली ती सोपी होती. ओटीवर बायका पापड लाटताहेत, एक बादल्या विकणारा अनोळखी माणूस येतो, गोड बोलून विचारतो, आणि एक बडबडी बाई मुलाचा ठावठिकाणा सांगून बसते. मग फोन वाजतो आणि बाईच्या हातातलं लाटणं पडतं.

बडबडी बाई कोण, हे ठरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"मी?" जनी म्हणाली. तिला आनंद झाला होता, पण वरवर रुसली. "मी काय एवढी बोलते का गो?"

"नाय काकी, जरापण नाय," दर्शना म्हणाली आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

खरी अडचण हेराची होती. शत्रूचा माणूस व्हायला गावात कुणी तयार होईना. शेवटी शेजारचा नवसू कबूल झाला, पण अट घातली की पोरांनी नंतर चिडवायचं नाही. बादल्या घरोघरच्या न्हाणीतून गोळा केल्या आणि त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी लटकवल्या. शुक्रवारी सकाळी लहानीच्या ओटीवर कॅमेरा लागला. फिल्म पाठवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची.

दर्शनाने जनीला समजावलं, "काकी, नवसूकाका विचारतील पोरगा कुठं असतो. तुमी कुठल्या पण गावाचं खोटं नाव टाका. बाकी नेहमीसारखं बोला."

आणि जनी नेहमीसारखं बोलली. पापड लाटता लाटता ओमकारचं लहानपण, त्याची करवंदाची आवड, भरतीच्या वेळी तो सोळाशे मीटर कसा धावला, सगळं असं काही आलं की नवसू आपलं वाक्य विसरून ऐकतच राहिला. मग त्याने विचारलं, पोरगा असतो कुठं, आणि जनी बोलून गेली. कौतुकाने, मान वर करून. दर्शना 'कट' म्हणायचंही विसरली. एका दमात सीन झाला.

दुपारी एकच्या सुमाराला फिल्म जोडून झाली. दर्शनाने पाटावर लॅपटॉप ठेवला आणि दहा-बारा बायका त्याच्याभोवती दाटीने बसल्या. आधी सगळ्यांनी आपापल्या बादल्या ओळखल्या. मग जनीचा सीन आला आणि ओटी शांत झाली. पडद्यावरची जनी अगदी खरी होती. लहानीच्या डोळ्यांत पाणी आलं.

जनी स्वतःच्या बोलण्याकडे कधी लक्ष देत नसे. आज पहिल्यांदाच ती स्वतःचं बोलणं ऐकत होती. आणि पडद्यावरच्या जनीने, मान वर करून, नाव घेतलं. खोटं नव्हे. देवीला दोनदा सांगितलं होतं ते.

खोटं नाव घ्यायचं होतं ना? पण ओमकारविषयी बोलता बोलता तोंडातून खोटं निघणार कसं? आत होतं तेच बाहेर आलं.

"काय गो नाव शोधून काढलंस!" लहानी हसत म्हणाली. "जीभ मुरगळायची. ते काय ते... गुडगुड?" दुसऱ्या एकीने आणखी भलतंच काही म्हटलं. सगळ्या हसल्या. जनीही हसली, कारण हसली नसती तर कुणीतरी तिच्याकडे वळून पाहिलं असतं.

बातमी कशी पसरते, हे त्या ओटीवर जनीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तोच तर तिचा रस्ता होता. 'हे नाव काढ, ते खरं आहे' एवढं ती म्हणाली असती, की दहा बायकांनी डोळे मोठे केले असते, तीन वाजेपर्यंत नाव नाक्यावर आणि पाचपर्यंत मुरबाडला गेलं असतं. शपथा घालून काही उपयोग नव्हता. शपथ घालून सांगितलेली बातमी सगळ्यांत जोरात पळते, हे तिने स्वतः पळवून पाहिलं होतं. आत्ता बायकांना ते एक गमतीचं नाव वाटत होतं, संध्याकाळपर्यंत विसरल्याही असत्या. पण गप्प बसावं तर फिल्म नेटवर जाणार. तिचा चेहरा, ओमकारचं नाव, गावाचं नाव, सगळं एका जागी, कुणीही कितीही वेळा बघावं. तिच्या डोळ्यांपुढे ओमकार आला, आणि त्याच्याबरोबरची ती सगळी पोरं, जी सुट्टीतल्या फोटोंमध्ये दात काढून हसत असायची. त्यांच्याही आया होत्या.

सीन जायला हवा होता, आणि कारण सांगता येत नव्हतं. म्हणजे खोटं बोलायला हवं होतं. त्या कामाची जनीला सवय नव्हती.

"मला नाय आवडला माझा सीन," ती म्हणाली.

"काय?" दर्शनाला वाटलं, काकी चेष्टा करतेय.

"केवढी काळी दिसते मी. लुगडं बघ कसलं, पीठ लागलेलं. सगळा तालुका बघणार आणि मी अशी? परत घे. मी तयार होऊन येते."

"काकी, पापड लाटणारी बाई अशीच असते ना! आणि असा सीन परत नाय होत. पाचला पाठवायचाय."

"मग माझं तोंड त्यातनं काढ. नायतर मी मंडळाला फोन करंन, माझी परवानगी नाय म्हणून."

दर्शनाचा चेहरा पडला. तिला रडू आवरेना. लेकीच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर लहानी कुठली ऐकतेय! तिने जावेला असं झोडपलं की गल्लीतली कुत्री उठून बसली. हिरोईन झाली बघा, म्हणाली. पावडर पाहिजे हिला, म्हणाली. आणि शेवटी जे बोलायला नको ते बोलली: "स्वतःचा पोरगा मोठा झाला ना, आता दुसऱ्याची पोर वर चढताना बघवत नाय!"

जनीला उत्तर सुचत नव्हतं असं नाही. तीन उत्तरं तयार होती, त्यातलं एक तर थेट लहानीच्या माहेरापर्यंत पोचणारं होतं. तिन्ही तिने गिळली. तिला फार लागलं होतं. दर्शनाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "दोनला येते. कॅमेरा तयार ठेव," आणि घरी गेली.

दोन वाजता जनी आली ती हिरवा शालू नेसून, नाकात नथ, तोंडाला पावडर, अंबाड्यावर गजरा. वैशाखातलं ऊन, ओटी तव्यासारखी तापलेली, आणि शालू नेसलेली बाई पापड लाटायला बसली. बायकांनी पदर तोंडात कोंबले. जनी कुणाकडेही न बघता लाटत राहिली. खोटं बोलायचंच, तर अर्धवट बोलून उपयोग नव्हता.

पहिल्या वेळी नवसूने विचारलं, "मावशी, पोरगा कुठं असतो?" आणि काहीच न सुचून जनी म्हणाली, "कसाऱ्याला."

"कसाऱ्याला कधीपासून लढाई लागली?" कुणीतरी म्हणालं आणि ओटी हसून लोळली. दर्शना हसली नाही. तिने एक नाव लिहून दिलं, चंदनपूर. जनीने ते शाळेतल्या मुलीने कविता म्हणावी तसं म्हटलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. साडेतीन वाजले. पावडर घामाने ओघळली. बायका एकेक करून पांगायला लागल्या होत्या, पण गंमत बघायची म्हणून दाराशी रेंगाळत होत्या. दर्शना कॅमेऱ्याआडून घड्याळाकडे बघत होती. सकाळचाच सीन पाठवायचा आणि काकीला काय करायचं ते करू दे, असं तिच्या मनात येत होतं, आणि जनीला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नवसू बिचारा तासभर बादल्या धरून उभा होता. तोही कंटाळला. कॅमेरा चालू आहे हे तो विसरला, की त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, देव जाणे. मावशी-बिवशी सोडून तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे जनीवयनी, खरं सांग, ओमकार हाय कुठं?"

दारातल्या बायकांच्या माना एकदम वळल्या. हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. फ्लेक्स उतरल्यापासून कुणी विचारायला धजत नव्हतं, एवढंच.

जनीचं लाटणं थांबलं. नाव अगदी दातांशी आलं. विचारणारा परका नव्हता. ओमकारला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा नवसू होता. सांगितलं असतं तर किती हलकं वाटलं असतं! तिने नवसूकडे पाहिलं, मग दारातल्या बायकांकडे. डोळे भरून आले होते, पण मान सकाळसारखीच वर होती, उलट थोडी जास्तच.

"जिथं असायला पाहिजे तिथं हाय," ती म्हणाली. मग नवसूच्या हातातली एक बादली ओढून घेतली, उन्हाकडे धरली आणि म्हणाली, "माझ्या पोराची चौकशी राहू दे. तुझ्या बादलीला भोक हाय, ते बघ आधी."

"माझी बादली हाय ती!" दारातून लहानी किंचाळली.

"कट," दर्शना म्हणाली. अगदी हळू.

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर सीन पुन्हा पाहिला. एकदा, दोनदा. तिने सकाळपासून काकीचा चेहरा जेवढा पाहिला होता तेवढा घरात कुणीच पाहिला नव्हता. सकाळची मोकळी काकी, दुपारी चिडलेली काकी, चंदनपूर म्हणताना अवघडलेली काकी, आणि ही. दर्शनाने मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांतला राग गेला होता. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. जनी तिच्याकडे बघत उभी होती, नथ हलत होती. दर्शनाने तोंड मिटलं.

"हा घेते, काकी," ती म्हणाली. "गोष्ट बदलावी लागंल. फोन वाजायचा नाय, लाटणं पडायचं नाय. इथंच संपवते."

मग ती लॅपटॉप घेऊन जनीच्या शेजारी ओटीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सकाळचा सीन उगाच जागा अडवतोय." कॅमेऱ्यातून काढला, लॅपटॉपमधून काढला, कचरापेटीत गेलेला तिथूनही काढला. प्रत्येक वेळी पडदा जनीकडे वळवून दाखवला. जनीला त्यातलं काही कळलं नाही, पण पोरगी काय करतेय आणि काय विचारत नाही, ते बरोबर कळलं. तिने दर्शनाच्या डोक्यावरून हात फिरवला. आपल्या घरात आणखी एक जण शहाणं आहे, याचा तिला मुलाइतकाच अभिमान वाटला.

पाचला चार मिनिटं असताना फिल्म गेली.

पुढे तिचा दुसरा नंबर आला. पहिल्या नंबराच्या फिल्ममध्ये ड्रोन होता म्हणतात. पण त्या लग्नसराईत हळदीला लोक शिट्ट्या मारायचे ते जनीच्या सीनला. शालू नेसून पापड कोण लाटतं, असं कुणीही विचारलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे सजून बसलेली, घरचा दिवा सीमेवर पाठवलेली बाई लोकांना तशीच असावीशी वाटली. मुरबाडच्या स्टँडवर एस.टी. कुठे अडकली विचारलं तर पोरं 'जिथं असायला पाहिजे तिथं हाय' म्हणायला लागली. दर्शनाला दोन गावांतून फिल्मचं काम आलं. लहानी सगळ्यांना सांगत सुटली की बादली आमची होती. जावेशी मात्र ती गणपतीपर्यंत बोलली नाही, आणि जनीने ते सोसलं.

हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी संध्याकाळी जनीने शालू घडी करून ठेवला, तोंड धुतलं, आणि सुकट घालून कालवण केलं. दिवेलागणीला सावळाराम जेवायला बसला. टीव्ही लावलेला होता. गोळीबार झाला, असं टीव्हीवरची बाई सांगत होती, आणि एकामागून एक चार गावांची नावं तिच्या तोंडून आणि खालच्या पट्टीवर येत गेली.

सावळारामचा घास हातात राहिला. तो नावं वाचत नव्हता. तो जनीकडे बघत होता.

जनी चुलीपाशी चारही नावं ऐकत होती. ते नाव त्यांत नव्हतं. टीव्हीवरच्या बाईने नावं पुन्हा पहिल्यापासून सांगितली, जनीने पुन्हा ऐकली. नव्हतं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि लगेच दुसरा चढला, कारण नवरा अजून बघत होता. 'तिथं नाय तो' एवढं म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडला असता. पण तिथं नाय म्हणणं हेसुद्धा सांगणंच की. एकदा चार नावं गाळली, की उद्या तो आणखी चार विचारणार, परवा आणखी. बाप होता तो. आणि देवळापुढे तिने मुलाला शब्द दिला होता, बाबांना पण नाय.

तिला भूक नव्हती. तरी तिने आपलं ताट ओढलं, नवऱ्याच्या समोर बसली, तांदळाची भाकरी घेतली, कालवणात बुडवली आणि जेवायला लागली. भरपूर, मोठे घास घेऊन. पहिली भाकरी संपली तशी दुसरी घेतली. टीव्ही तिसऱ्यांदा तीच नावं सांगत होता. जनी खात राहिली.

सावळाराम बघत होता. पस्तीस वर्षांच्या संसारात ही बाई काळजीत असताना एक घास गिळू शकली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? घाटात दरड कोसळल्याची बातमी आली तेव्हा तो घरी पोचेपर्यंत, दीड दिवस, तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता ती दुसरी भाकरी मोडत होती. पोरगा त्या चार गावांत नव्हता. हे त्याला कळलं, आणि त्यापाठोपाठ हेही कळलं की हिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ओमकार गेला त्या दुपारपासून. रोज शेजारी बसून, रोज त्याचा उतरलेला चेहरा बघून, ही एक अक्षर बोलली नव्हती.

याचीच जनीला धास्ती होती. तिने खाली मान घालून घास चावला आणि वाट पाहिली.

सावळारामने हात लांब करून टीव्ही बंद केला. मग बायकोकडे पाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते आणि मिशीखाली हसू होतं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्याने जसं पाहिलं होतं, तसंच तो आता बघत होता.

"मला सांगू नको हां," तो म्हणाला. "मी विचारलं तरी नको."

"सांगतंय कोण?" जनी म्हणाली.

त्या संध्याकाळी सावळारामने तीन भाकऱ्या खाल्ल्या.